धरणाखालचा शनिवार

शनिवारी पहाटे साडेचारला उठणारा माणूस एक तर ट्रेकर असतो, नाहीतर त्याचं प्रोजेक्ट त्या वीकेंडला लाइव्ह जात असतं. मी दोन्हींपैकी नाही. सुट्टीच्या दिवशी नऊच्या आत मला उठवणाऱ्याशी मी सोमवारपर्यंत बोलत नाही, हे आमच्या घरी सगळ्यांना पाठ आहे. तरीही मार्चच्या पहिल्या शनिवारी मी पहाटे साडेचारला दोन थर्मल, मोज्यांचे तीन जोड आणि एक उसनी कानटोपी चढवून मिनियापोलिसमधल्या एका बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उभा होतो. बाहेर उणे सात डिग्री. नाकातले केस गोठल्यावर कसं वाटतं हे ज्याला माहीत नाही, त्याने सुखी राहावं.

कशासाठी एवढं? मासे पकडायला!

त्याचं असं झालं. ऑनसाइटला तीन महिन्यांसाठी गेलेल्या देशी पोरांचा वीकेंडचा फंडा ठरलेला असतो. पहिला वीकेंड मॉल ऑफ अमेरिका, दुसरा वीकेंड इंडियन ग्रोसरी आणि डोसा, तिसऱ्या वीकेंडला कुणाच्या तरी घरी पॉटलक. चौथ्या वीकेंडपासून खिडकीतून बर्फ बघत कपडे वाळवणं. मी चौथ्या वीकेंडला पोचलो होतो. त्यातच एका सकाळी माझी भाड्याची गाडी बर्फात रुतली आणि समोरच्या घरातून एक उंच, पांढऱ्या मिशीवाले गृहस्थ फावडं घेऊन बाहेर आले. एक शब्द न बोलता त्यांनी दहा मिनिटांत गाडी मोकळी केली. वय वर्षं एकाहत्तर. निवृत्त शाळामास्तर, विषय विज्ञान.

तिकडे सगळे सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारतात. पण एकाहत्तर वर्षांच्या माणसाला नुसतं नावाने बोलवायला माझी जीभ काही वळेना. म्हणून मनातल्या मनात ते झाले ‘काका’. पुढच्या आठवड्यात काकांनी मला गाठून विचारलं, ‘‘तू मासे खातोस?’’

मूळ सिंधुदुर्गातल्या माणसाला हा प्रश्न विचारणं म्हणजे पुणेकराला ‘दुपारी झोपतोस का’ विचारण्यासारखं आहे. मी म्हटलं, ‘‘खातो म्हणजे काय! त्याच्यावरच वाढलोय.’’

‘‘मग शनिवारी चल. बोटीतली दुसरी खुर्ची रिकामी आहे.’’

सगळीकडे कुलूप, एक दार उघडं

मिनेसोटाची ओळख ‘दहा हजार तळ्यांचं राज्य’ अशी. गाड्यांच्या नंबरप्लेटवरही तेच छापलेलं. हिवाळ्यात ही तळी इतकी कडक गोठतात, की लोक त्यांच्यावर पिकअप ट्रक घालतात, छोट्या खोल्या उभ्या करतात आणि बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसतात. पण फेब्रुवारी संपला की हा खेळ बंद. वॉलआय नावाच्या माशाचा सीझन राज्यातल्या बहुतेक तळ्यांवर आणि नद्यांवर संपतो, तो थेट मेच्या मध्यावर उघडतो. कारण साधं आहे. या मधल्या काळात मासा अंडी घालतो.

हा वॉलआय म्हणजे तिकडचा पापलेट म्हणा ना! 1965 पासून मिनेसोटाचा अधिकृत ‘राज्यमासा’. त्याचं नाव निघालं, की एरवी हवामानापलीकडे न बोलणारी माणसं अर्धा तास बोलतात.

आता सीझन बंद असताना आम्ही कुठे निघालो होतो? तर मिसिसिपी नदीवर. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या दोन राज्यांच्या मधून वाहणाऱ्या मिसिसिपीच्या पट्ट्यात वॉलआयची मासेमारी वर्षभर चालू असते. आकाराची आणि संख्येची मर्यादा कडक, पण दार उघडं. त्यामुळे हिवाळा संपता संपता ज्यांच्या हातांना खाज सुटलेली असते ते सगळे इथे येतात. आणि नदीतसुद्धा कुठे? धरणाच्या पायथ्याशी.

मिनियापोलिसहून तासाभरावर रेड विंग नावाचं छोटं गाव आहे. ज्यांना महागड्या बुटांची हौस आहे त्यांनी कान टवकारले असतील. होय, तेच. 1905 पासून रेड विंगचे बूट याच गावचे. गावाच्या थोडं वरच्या अंगाला नदीवर ‘लॉक अँड डॅम नंबर 3’ आहे. नाव एखाद्या सरकारी फाइलसारखं, पण आमचा मुक्काम तिथेच.

नदीचा जिना

धरण म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर कोयना येतं. डोंगराएवढी भिंत आणि मागे समुद्राएवढं पाणी. हे तसं नाही. हे बुटकं धरण. पाणी साठवायला नाही, तर नदी बोटींना पुरेल इतकी खोल ठेवायला बांधलेलं. 1930 मध्ये अमेरिकन काँग्रेसने मिसिसिपीच्या वरच्या भागात किमान नऊ फूट खोलीचा जलमार्ग मंजूर केला आणि त्या दशकात धरणांची रांग उभी राहिली. आज वरच्या मिसिसिपीवर अशी 29 लॉक आहेत. थोडक्यात नदीचा जिना. धान्याने, खताने भरलेले बार्ज एकेक पायरी चढत-उतरत जातात. आम्ही गेलो तेव्हा वर अजून बर्फ होता, बार्ज सुरू व्हायचे होते आणि नदीवर आमच्यासारख्या दहा-बारा येड्यांचंच राज्य होतं.

अर्थात धरण आलं की कुणाचं तरी काहीतरी पाण्याखाली जातंच, हे मुळशी आणि कोयनेकडच्या माणसांना वेगळं सांगायला नको. हे धरण 1938 मध्ये झालं तेव्हा शेजारच्या प्रेअरी आयलंडवरच्या डकोटा लोकांची जमीन आणि त्यांच्या पूर्वजांच्या दफनाच्या टेकड्या पाण्यात गेल्या. काकांनी हे मला बोट पाण्यात सोडताना सांगितलं. पोरांना शिकवायचे तसंच, आवाज न चढवता.

मी विचारलं, ‘‘पण मासे धरणाखालीच का?’’

काकांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात पहिल्यांदा बरोबर प्रश्न विचारणाऱ्या पोराकडे बघावं तसं.

हिवाळ्याच्या शेवटी दिवस मोठे व्हायला लागतात आणि वॉलआयला वेध लागतात अंडी घालायचे. पाणी पाच-सात डिग्रीपर्यंत तापलं की अंडी पडणार, पण तयारी महिना-दोन महिने आधीच सुरू होते. मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर सरकतात. सरकत सरकत येतात आणि समोर धरण! पुढे रस्ता बंद. मग तिथेच गोळा होतात. दरवाज्यांखालून पाणी सतत घुसळत असल्याने तिथे बर्फ धरत नाही. त्यात या धरणाच्या वर अणुवीज केंद्र, त्याचं कोमट पाणीही नदीतच येतं. लहान मासे तिथे, म्हणून मोठे मासे तिथे. आणि मोठे मासे तिथे म्हणून आपण तिथे.

माझ्या डोक्यात एकदम दिवा पेटला. ‘‘अरे, हे तर चढणीचे मासे!’’

कोकणातल्या वाचकांना हे सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. मृगाचा पहिला दणदणीत पाऊस पडला, व्हाळ भरून वाहायला लागले, की खालच्या नदीतले मासे अंडी घालायला पाण्याच्या उलट वर चढतात. शेताच्या बांधापर्यंत. त्या रात्री अख्खा गाव टॉर्च, जाळी, टोपल्या आणि कोयते घेऊन व्हाळात. लहानपणी मे महिन्याची सुट्टी लांबवून मी या एका रात्रीसाठी गावी थांबायचो. टोपलीत उड्या मारणारे मासे आणि दुसऱ्या दिवशी आजीच्या तव्यावरची गाभोळी. माशाच्या पोटातली अंडी हो! मीठ, हळद, तिखट आणि थोडं तेल. स्वर्ग.

हे सगळं काकांना इंग्लिशमध्ये समजावताना मला घाम फुटला. उणे सातमध्ये.

डोळा ज्याचा दिवा

वॉलआयचा सगळा खेळ त्याच्या डोळ्यात आहे. डोळा मोठा, काचेसारखा, अंधारात चमकणारा. मांजरीच्या डोळ्यात असतो तसा प्रकाश परतवणारा एक थर याच्या डोळ्यामागे असतो. त्यामुळे पहाटे, संध्याकाळी, ढगाळ हवेत किंवा गढूळ पाण्यात जिथे बाकीचे मासे चाचपडतात, तिथे याला लख्ख दिसतं. म्हणून साडेचारचा गजर! उजाडायच्या आधी गळ पाण्यात हवा.

त्याचा एक धाकटा चुलतभाऊ आहे, सॉगर. दिसायला जवळपास तसाच, अंगाने लहान. ओळखायचं कसं? सॉगरच्या पाठीवरच्या परावर काळे ठिपके असतात. वॉलआयच्या शेपटीचं खालचं टोक पांढरं असतं. हे पाठ करावंच लागतं, कारण या पट्ट्यात पंधरा इंचांखालचा वॉलआय ठेवता येत नाही आणि सॉगरला तशी अट नाही. चूक झाली तर दंड.

सामान म्हणाल तर अगदी साधं. साडेसहा फुटांचा रॉड, केसासारखी बारीक दोरी आणि टोकाला ‘जिग’. म्हणजे हूकच, त्याच्या डोक्यावर शिशाची गोळी. आमची दहाएक ग्रॅमची होती. हुकाला बोटाएवढा मासा लावायचा. शेजारच्या चकाचक बोटीवर माशाचं लाइव्ह पिक्चर दाखवणारा मोठा सोनार स्क्रीन होता. काकांच्या बोटीवर खोलीचा आकडा दाखवणारा एक जुनाट डबा. ‘‘मासा कुठे आहे ते दिसलं तर मी इथे कशाला आलो?’’ असं त्यांचं म्हणणं.

जागा शोधायची ती शिवेवर. म्हणजे एकीकडून दरवाज्यांचा जोरदार लोंढा येतो, दुसरीकडे पाणी संथ असतं किंवा उलटं गोल फिरत असतं. या दोन्हींच्या मध्ये पाण्यावर एक रेघ दिसते. फेस, काटक्या, बर्फाचे तुकडे त्या रेघेवरून जात असतात. मासा गार पाण्यात आळशी. लोंढ्यात उभं राहायला ताकद लागते, ती तो वाया घालवत नाही. तो संथ बाजूला उभा राहतो आणि लोंढ्यातून येणारं खाणं मान वळवून टिपतो. एकदम आमच्या कँटीनच्या काउंटरशेजारच्या टेबलावर बसणाऱ्या पब्लिकसारखा.

मग पद्धत अशी. बोट प्रवाहाच्याच वेगाने खाली सोडायची. पुढची बॅटरीवरची छोटी मोटर फक्त बोट सरळ ठेवायला. दोरी सरळ खाली गेली पाहिजे, ओळंब्यासारखी. जिग तळाला टेकली की ‘टुक’ असं हाताला कळतं. वीतभर उचलायची, थांबायचं. पुन्हा टेकवायची, पुन्हा थांबायचं. बस्स.

ऐकायला सोपं आहे. पहिल्या दीड तासात काकांनी पाच मासे काढले. मी शून्य.

‘टुक’ आणि ‘जड’

‘‘तुला तीन मासे लागून गेले,’’ काका शांतपणे म्हणाले.

‘‘कधी?’’

‘‘एकदा तू गरुड बघत होतास. दोनदा फोन.’’

गरुडाबद्दल मला माफी हवी. रेड विंगला हिवाळ्यात टकल्या गरुडांची जत्रा भरते. बाकी नद्या गोठलेल्या आणि इथे उघडं पाणी, म्हणजे उघडं ताट. एका झाडावर मी अकरा मोजले. एके काळी डीडीटीमुळे हा पक्षी अमेरिकेतून संपत आला होता. 1972 मध्ये डीडीटीवर बंदी आली, 2007 मध्ये तो धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर पडला आणि डिसेंबर 2024 मध्ये अधिकृतपणे राष्ट्रीय पक्षी झाला. असा पक्षी डोक्यावरून गेल्यावर मान वर होणारच ना, राव!

पण फोनबद्दल बोलायला तोंड नव्हतं. शनिवार होता, पुण्यात संध्याकाळ झालेली आणि ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी ‘क्विक क्वेश्चन’ टाकला होता. आपल्याला सगळ्यांना माहीत आहे की क्विक क्वेश्चन कधीच क्विक नसतो.

काकांनी समजावलं. उन्हाळ्यात मासा गळाला असा काही हिसका देतो, की झोपलेला माणूसही उठेल. आत्ता पाणी जेमतेम एक डिग्री. माशाचं रक्तही तेवढंच गार, सगळं शरीर स्लो मोशनमध्ये. तो हिसका देत नाही. तो फक्त आमिष तोंडात घेतो आणि तिथेच राहतो. हाताला काय कळतं? काहीच नाही. फक्त जिग थोडी जड लागते, ओला पाला अडकल्यासारखी. किंवा ती टेकायला हवी त्या क्षणी टेकत नाही. तेवढंच. त्या क्षणी तुमचं लक्ष हातात नसेल, तर मासा आमिष थुंकून निघून जातो आणि तो येऊन गेला हेही तुम्हाला कळत नाही.

मी फोन बंद करून आतल्या खिशात टाकला. खरं सांगतो, पहिली वीस मिनिटं वाईट गेली. हात सारखा खिशाकडे. मग हळूहळू सगळं जग त्या एका दोरीच्या टोकाला येऊन थांबलं. टुक. थांब. टुक. थांब. रॉडच्या कड्यांवर बर्फ धरायचा, तो पाण्यात बुडवून काढायचा. टुक. थांब. टुक. थांब.

जड.

मी रॉड उचलला आणि पलीकडून कुणीतरी ‘नाही’ म्हटल्यासारखी मान हलवली. वर आला एक सॉगर, फूटभराचा. आयुष्यातला माझा पहिला स्वतः गळाने पकडलेला मासा! त्यानंतर आणखी दोन सॉगर आणि एक चौदा इंची वॉलआय. एका इंचाने वाचला, लगेच सोडला.

ती

साडेनऊच्या सुमारास पुन्हा ‘जड’ लागलं. उचललं तर वाटलं तळच अडकला. मग तळ हलायला लागला.

पुढची पाच मिनिटं मला नीट आठवत नाहीत. काका सारखे म्हणत होते, ‘‘घाई नको, दोरी बारीक आहे.’’ रीळ किर्र करत उलटं फिरत होतं. ती दोनदा वर आली आणि दोनदा खाली गेली. शेवटी काकांनी तिला जाळ्यात घेतलं आणि आमच्या दोघांच्या तोंडून एकदम वाफ निघाली.

साडेसव्वीस इंच. तीन किलोच्या आसपास. सोनेरी पिवळी पाठ, दुधी पोट आणि तो काचेचा मोठा डोळा. पोट असं टम्म, की माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, ‘‘गाभोळी!’’

काकांनी अर्थ विचारला. मी सांगितला. ते हसले आणि म्हणाले, ‘‘एवढ्या मोठ्या मादीच्या पोटात काही लाख अंडी असतात. वय आठ-दहा वर्षं तरी असेल.’’ आणि मग, ‘‘तुझा मासा आहे. कायद्यात बसतो. ठेवायचा की सोडायचा ते तू ठरव. पण लवकर. या हवेत तिचे डोळे आणि कल्ले गोठायला लागतील.’’

पुढे ते काही बोलले नाहीत. लेक्चर नाही, भुवया वर नाहीत. नदीकडे बघत बसले.

आता माझी बाजू ऐका. हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा. घरी फोटो पाठवायचा होता. कापून, तळून, गाभोळी काढून सासरच्या ग्रुपवर टाकायची होती. तीन महिने डाळ-भात आणि फ्रोझन पराठे खाल्लेला माणूस होतो मी. आणि मासा सोडायचा, हा प्रकार आमच्या घराण्यात कुणी केलेला नाही. आमच्याकडे मासा सुटतो, सोडत नाहीत.

पण आपण कुठे बसलोय तेही दिसत होतं. समोर धरणाचे दरवाजे. ती खालून कुठून कुठून पोहत इथवर आली, वर जायचं होतं, भिंत लागली. आता पूर यायची वाट बघत होती. पुराच्या वेळी या बुटक्या धरणांचे दरवाजे पाण्याच्या वर उचलून घेतात, तेव्हा काही मासे पुढे जातात. नाही जमलं तर ती इथेच खाली दगडांवर, बुडालेल्या गवतात अंडी टाकेल. अडलेल्याला धरणं सोपं असतं. मला आजवर वाटत होतं की आपण चढणीच्या रात्री मासे ‘पकडायचो’. खरं तर आम्ही वाटेत उभे राहायचो, एवढंच.

मी तिला दोन्ही हातांनी धरून पाण्यात उतरवलं. हातमोजे काढावे लागतात, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. एक डिग्रीच्या पाण्यात उघडे हात. दहा सेकंदांत बोटं माझी राहिली नाहीत. ती जरा वेळ तशीच राहिली, कल्ले हलवत. मग शेपटीचा एक फटका, माझ्या तोंडावर पाणी आणि गायब.

काका म्हणाले, ‘‘या खुर्चीत बत्तीस वर्षं माझा भाऊ बसायचा. तो प्रत्येक वेळी सोडताना शिव्या द्यायचा.’’

मग मीही एक दिली. मराठीत. काकांना कळली असावी.

एक, दहा, एक

दिवस इथे संपला असता तर लेख गोड झाला असता. पण धक्क्यावर बोट लावताना मी हिरोसारखी उडी मारली. उतारावर पातळ बर्फ होता. सटकलो आणि गुडघ्यापर्यंत पाण्यात.

फक्त गुडघ्यापर्यंत! तरी श्वास असा अडकला की ‘आई गं’सुद्धा पूर्ण म्हणता येईना. काकांनी कॉलर धरून ओढलं, गाडीत बसवलं, हीटर लावला आणि पिशवीतून कोरडे मोजे काढले. दोन जोड आणले होते. दुसरा माझ्यासाठीच. नवखा माणूस पडणार हे गृहीत धरून.

मग विज्ञानाचा तास झाला. गार पाण्याचा नियम ‘एक, दहा, एक’. पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला. धाप लागते, त्यात तोंडात पाणी गेलं तर खेळ तिथेच संपतो. पुढची दहा मिनिटं हातपाय तुमचं ऐकतात, जे करायचं ते तेवढ्यात. आणि बेशुद्ध व्हायला साधारण एक तास. लोकांना वाटतं माणूस गारठून मरतो. बहुतेक जण त्याच्या खूप आधी, पहिल्या काही मिनिटांत बुडतात. म्हणून लाइफ जॅकेट बोटीत ठेवायचं नसतं, अंगात घालायचं असतं. आणि धरणाच्या अगदी जवळ तर जायचंच नाही. दरवाज्यांखाली पाणी उलटं फिरून वस्तू परत धरणाकडे खेचतं. तिथे जॅकेटसुद्धा वाचवेलच असं नाही. म्हणून पाट्या लावून बंदी केलेली असते. अशी पाटी ओलांडून एक बोट पुढे गेलेली आम्ही सकाळी पाहिली होती. काका तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं ओरडले होते.

दुपारी काकांच्या किचनमध्ये सॉगर तळले. त्यांनी मैदा आणि मीठ काढलं, मी बॅगेतून मालवणी मसाल्याची पुडी. मासा पांढराशुभ्र, सौम्य, काटे नावालाच. आमच्या आजीने ‘याला माशाचा वास कुठाय?’ म्हणून नाक मुरडलं असतं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते मसाल्याने. सहा तुकडे खाल्ले त्यांनी!

रात्री बाबांना फोन केला. ते आता गावीच असतात. मोठ्या मासळीचं वर्णन ऐकून खूश झाले आणि मग मी ‘सोडली’ म्हटल्यावर गप्प. मला वाटलं लाइन कट झाली.

‘‘चढणीची होती?’’ त्यांनी विचारलं.

‘‘हो.’’

‘‘मग बरं केलंस.’’ थोडं थांबून म्हणाले, ‘‘आपल्या व्हाळात आता चढण येतच नाही म्हटलं तरी चालेल. दोन वर्षं मी टॉर्च घेऊन जाऊन बघतो. नुसतं पाणी. पूर्वी टोपल्या भरायच्या.’’

हल्ली पावसाळा तोंडावर आला की चढणीचे मासे मारू नका म्हणून कोकणात आवाहनं होतात. मी ती वाचून पुढे सरकवत आलोय. या वेळी बाबांना विचारलं, ‘‘गेले कुठे सगळे?’’

‘‘कुठे जाणार? खाल्ले आपण,’’ बाबा म्हणाले. ‘‘गाभोळीसकट.’’

तिकडे असाल आणि जाणार असाल तर…

* लायसन्स आधी काढा. मिनेसोटा किंवा विस्कॉन्सिन, कुठलंही एक या सीमेवरच्या पाण्यात चालतं. त्या वर्षीचे नियम वाचूनच निघा.
* लाइफ जॅकेट अंगात. कोरडे कपडे आणि मोजे वॉटरप्रूफ पिशवीत, दोन जोड.
* एकटे जाऊ नका आणि धरणाजवळची बंदीची पाटी ओलांडू नका.
* तीस फुटांपेक्षा खोल पाण्यातून काढलेला मासा सोडला तरी बहुधा जगत नाही, त्याची हवेची पिशवी फुगते. सोडायचे असतील तर उथळ पाण्यात पकडा.
* खायला लहान मासे ठेवा. मोठ्या, जुन्या माशांत पारा जास्त साठलेला असतो.
* निघताना बोटीतलं सगळं पाणी काढून टाका. तो कायदाच आहे. एका तळ्यातली कीड दुसऱ्या तळ्यात जायला वाटीभर पाणी पुरतं.
* आणि हो, फोन बंद. क्विक क्वेश्चन सोमवारीही तिथेच असतो.